लेकराचं रक्त बदललं, मग कॅन्सरची भीती कशाची?

दवाखान्यात एका बाईंनी फोन माझ्यापुढे धरला. पंधरा वर्षांची लेक शेजारी बसलेली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, एसएस, गेल्या वर्षभरात तीनदा भरती. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, बोनमॅरो बदलवलं का सिकल जाते म्हणते, आन् या व्हिडिओत तं म्हणते का त्याच्यानं कॅन्सर होते. मंग खरं कोणाचं धरावं जी?"

खरं दोघांचंही आहे. पण ते पाच मिनिटांत सांगता येत नाही, आणि बाहेर अजून चाळीस पेशंट. म्हणून हा लेख.

2023 च्या 1 जुलैला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं एक उद्दिष्ट. त्यामुळे गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत "एएस निघाला", "एसएस निघाली" हे शब्द आता चावडीवरही ऐकू येतात. एसएस म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलचा गुण आलेला, आजारी; एएस म्हणजे एकाकडूनच आलेला, नुसता वाहक; एए म्हणजे गुणच नाही. तपासणीत निघालं की पुढचा प्रश्न येतो तो कायमच्या इलाजाचा, आणि तिथे बोनमॅरो ट्रान्सप्लांटचं नाव निघतं. मी ट्रान्सप्लांट करणारा डॉक्टर नाही. मी त्यांच्याकडून परत आलेले पेशंट वर्षानुवर्षं बघणारा तालुक्याच्या गावचा डॉक्टर आहे. त्यामुळे मला दिसतं ते मोठ्या शहरातल्या वॉर्डात दिसतं त्याहून थोडं वेगळं असतं.

## आधी वावर समजून घेऊ

आपल्या हाडांच्या आत मऊ गर असतो. तोच बोनमॅरो. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथे तयार होतात आणि त्या तयार करणाऱ्या मूळच्या पेशींना स्टेम सेल म्हणतात. बियाण्यासारखं समजा: एकाच बियाण्यातून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स, सगळं पीक निघतं. सिकलसेलमध्ये बियाण्यातच खोट असते, म्हणून लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. ब्लड कॅन्सरमध्ये वावरात असं तण माजतं की पिकाला जागाच उरत नाही.

ट्रान्सप्लांट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन येतं. प्रत्यक्षात स्टेम सेल रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून दिल्या जातात. त्या आपापल्या हाडात जाऊन बसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त बनवू लागतात. पेशंटच्याच पेशी आधी काढून, गोठवून परत दिल्या तर ते स्वतःचं ट्रान्सप्लांट. मायलोमा आणि काही लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरांत हे करतात. भाऊ-बहीण, आईवडील किंवा अनोळखी माणसाकडून घेतल्या तर ते दात्याचं. सिकलसेल, थॅलेसिमिया (यात लहानपणापासून सारखं रक्त चढवावं लागतं) आणि बऱ्याच ब्लड कॅन्सरना दात्याचंच लागतं. सख्ख्या भावंडाशी पेशींची ओळख पूर्ण जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारांत एक. भावंड एएस असलं तरी ते दाता होऊ शकतं. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं, आणि "तोबी वाहक हाय" म्हणून ती मुकाट बसतात.

माणसावरच्या ट्रान्सप्लांटचे पहिले निष्कर्ष अमेरिकेतल्या डोनॉल थॉमस यांनी 1957 मध्ये छापले, आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 मध्ये सुरुवात झाली. म्हणजे ट्रान्सप्लांट होऊन वीस-तीस-चाळीस वर्षं जगलेली माणसं आता जगात भरपूर आहेत, आणि उशिरा होणारे त्रास त्यांच्यामुळेच कळले. सुरुवातीच्या काळात एवढं जगणारेच थोडे होते, तेव्हा वीस वर्षांनी काय होतं हे विचारणार कोणाला?

## "जुनं रक्त गेलं, नवं आलं. मग नुकसान कशाचं?"

पेरण्याआधी वावर मोकळं करावं लागतं. ट्रान्सप्लांटच्या आधी चार-सहा किंवा दहा दिवस मोठ्या डोसची किमो देतात, काही वेळा सगळ्या अंगाला शेकही. शेक म्हणजे रेडिएशन. याला डॉक्टर कंडिशनिंग म्हणतात, मी मशागत म्हणतो. जुना बोनमॅरो मारायचा, नव्याला जागा करायची, आणि दात्याच्या पेशी परक्या म्हणून हाकलल्या जाऊ नयेत म्हणून शरीराची जुनी संरक्षणफौजही दाबायची, एवढी कामं तिच्याकडे असतात.

आता ज्यानं वावरात तणनाशक मारलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. औषध गवतावर मारतो, वारा सुटतो आणि धुऱ्यावरचा लिंब करपतो. किमो शिरेतून जाते, म्हणजे ती सगळीकडे जाते. शेक अंगभर दिला तर तो डोळ्याच्या भिंगातून, गळ्यातल्या थायरॉइडमधून, अंडाशयातून, फुप्फुसातून आरपार जातो. बोनमॅरोत नवं बियाणं पडतं आणि तो हिरवा होतो. धुऱ्यावरच्या झाडांना मात्र नवं बियाणं मिळत नाही. त्यांना आपल्याच जोरावर सावरावं लागतं, आणि काही सावरत नाहीत.

ते कसं दिसतं? शेक आणि स्टेरॉइड मिळालेल्यांना तरुणपणीच मोतीबिंदू येतो. थायरॉइड मंद पडतं: पोरगी सुस्त होते, अंग धरते, घरचे म्हणतात "दवाखान्यातून आल्यापासून आळशी झाली". स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजतं. सिकलसेलमध्ये खुबा आधीच तसा गेलेला असू शकतो, त्यात ही भर. हाडं ठिसूळ होतात. काही किमो हृदयावर परिणाम करतात, काही किडनीवर. लहानपणी झालेल्या ट्रान्सप्लांटनंतर उंची कमी राहते, दातांची मुळं नीट वाढत नाहीत.

थॅलेसिमियाच्या पोरांची आणखी एक गोष्ट. एका पिशवी रक्तातून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराकडे ते बाहेर टाकायची वाट नाही. ट्रान्सप्लांटनंतर रक्त चढवणं थांबतं, पण आधी साचलेलं लोह लिव्हरमध्ये आणि हृदयात तसंच बसून राहतं. ते काढायला पुढे औषध द्यावं लागतं किंवा थोडं थोडं रक्त काढावं लागतं. आई चक्रावते: इतकी वर्षं रक्त चढवलं, आता काढून का राहिले?

आणि मूल होण्याचं. बुसल्फानसारखी किमोची औषधं आणि अंगभर शेक यांनी अंडाशय-वृषणं कायमची निकामी होऊ शकतात. वयात आलेल्या मुलाचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं. मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा किंवा अंडी गोठवण्याची सोय मोठ्या केंद्रांत असते. वयात न आलेल्या मुलांसाठी पर्याय फारच थोडे. पण हा प्रश्न ट्रान्सप्लांटच्या आधी विचारावा लागतो, नंतर विचारून उपयोग नसतो. आपल्याकडे आईवडील संकोचतात, डॉक्टर घाईत असतो, आणि पोरीच्या लग्नाची बोलणी निघाल्यावर विषय पहिल्यांदा घरात येतो. मी अशा दोन घरांत बसलो आहे. तिसऱ्यात बसायची इच्छा नाही.

## नवा जागल्या आणि घरचे बैल

दात्याच्या स्टेम सेलमधून फक्त रक्त तयार होत नाही, पांढऱ्या पेशींची नवी फौजही तयार होते. ही फौज म्हणजे दुसऱ्या गावाहून आणलेला जागल्या. रोही आणि रानडुक्कर हाकलायला ठेवला, पण त्याला आपल्या गोठ्यातलं जनावर कुठे ओळखू येतं? अंधारात हालचाल दिसली की तो घरच्या बैलावरच काठी उगारतो. दात्याच्या पेशींनी पेशंटच्या अवयवांवर असा हल्ला केला की त्याला जीव्हीएचडी म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत येतो तो तीव्र. नंतर येऊन वर्षानुवर्षं रेंगाळतो तो जुनाट.

उशिराच्या नुकसानाचं मोठं कारण हा जुनाट प्रकारच. डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होतं, अश्रू आटतात. तोंडात पांढऱ्या रेषा येतात, ठेचा सोडा, साधं वरण तिखट लागतं. कातडी कडक होते, सांधे आखडतात, मांडी घालून बसता येत नाही. बायकांच्या योनिमार्गात चट्टे पडतात, मार्ग आखडतो, आणि त्या लाजेपायी कोणालाच सांगत नाहीत. सगळ्यांत वाईट म्हणजे फुप्फुस: बारीक श्वासनळ्या व्रणांनी बुजत जातात. जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो. खेड्यात याला दमा समजतात, नाहीतर टीबी समजून थुंकी तपासतात, आणि बाटली-बाटली खोकल्याचं औषध जातं. बुजलेल्या नळ्या पुन्हा उघडत नाहीत. म्हणून ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाचा खोकला मी साधा धरत नाही.

या जागल्याला शांत ठेवायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या देतात. गोळीनं तो झोपला की बैल वाचतो, पण रानडुक्कर आत शिरतं. जंतुसंसर्ग तर होतोच, शिवाय शरीरात रोज कुठे ना कुठे बिघडणारी जी पेशी तो एरवी टिपून काढतो, तीही निसटते.

## कॅन्सर येतो कुठून?

पेशीत आपल्या गुणांची एक लांबलचक पोथी असते, डीएनए. मोठी किमो आणि शेक ही पोथी जागोजागी फाडतात. बोनमॅरोतल्या जुन्या पेशी त्यात मरतात, तेच तर हवं असतं. पण कातडीतल्या, तोंडातल्या, थायरॉइडमधल्या, स्तनातल्या पेशी मरत नाहीत, त्या फाटलेली पानं घाईघाईनं चिकटवतात. एखादं पान उलटं चिकटतं. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही. क्वचित असं पान उलटं चिकटतं ज्यावर "आता वाढ थांबव" लिहिलेलं होतं. तिथून पुढे दहा-वीस वर्षं ती पेशी हळूहळू वाढत राहते. म्हणूनच हा धोका ट्रान्सप्लांटच्या दुसऱ्या वर्षी दिसत नाही, दहाव्या-पंधराव्या वर्षी दिसतो.

ट्रान्सप्लांटनंतरचे नवे कॅन्सर तीन जातींचे. पहिली जात लवकर येते, बहुधा पहिल्या वर्षात. एपस्टाइन-बार नावाचा व्हायरस आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात गुपचूप पडून असतो. जागल्या झोपला की तो पांढऱ्या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. दुसरी जात रक्ताचीच, साधारण दोन ते दहा वर्षांत येणारी. स्वतःच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटनंतर ती जास्त दिसते, कारण परत दिलेल्या पेशींनी आधीच्या किमोचा मार खाल्लेला असतो. बियाणं गोदामात ठेवण्याआधीच त्याला कीड लागली होती म्हणा. सिकलसेलमध्येही असं घडू शकतं. दात्याच्या पेशी रुजल्या नाहीत आणि पेशंटच्या मार खाल्लेल्या जुन्या पेशींनाच पुन्हा सगळा भार उचलावा लागला, तर त्यांतली एखादी बिघडून ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर होतो.

तिसरी जात गाठीच्या कॅन्सरची: तोंड, कातडी, थायरॉइड, स्तन, अन्ननलिका, हाड, मेंदू. ही पाच वर्षांनंतर डोकं वर काढते आणि पुढे वर्षांगणिक वाढत जाते. अंगभर शेक लहान वयात मिळाला असेल तर थायरॉइड आणि स्तनाचा धोका अधिक. जुनाट जीव्हीएचडी असेल तर तोंडाचा आणि कातडीचा, कारण तिथे सतत जखम, खपली, पुन्हा जखम चालू असतं. जितकी डागडुजी जास्त तितक्या चुका जास्त.

## "आठपट धोका" म्हणजे किती?

व्हिडिओत हाच आकडा होता: आठपट. तो खोटा नाही. 1997 मध्ये 19,229 पेशंटांचा एक मोठा अभ्यास छापून आला. सगळे मिळून गाठीच्या नव्या कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा 2.7 पट निघालं, आणि दहा वर्षांहून जास्त जगलेल्यांत 8.3 पट.

पण "पट" हा शब्द एकटा ऐकला की माणूस घाबरतो. कशाच्या पट, ते विचारा. यातले बरेच जण तरुण होते आणि तरुण माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता मुळातच बारीक. बारीक आकड्याची आठपट केली तरी तो डोंगर होत नाही. त्याच अभ्यासात दहा वर्षांत शंभरांतल्या साधारण दोघांना आणि पंधरा वर्षांत शंभरांतल्या साधारण सात जणांना असा कॅन्सर झाला. आठपट आणि शंभरांत सात, दोन्ही एकाच कागदावरचे आकडे आहेत. व्हिडिओवाल्यानं पहिला निवडला, आणि तो व्हिडिओ किती लोकांनी बघितला तेही मी बघितलं.

दुसरं असं की ती माणसं 1964 ते 1992 या काळात ट्रान्सप्लांट झालेली. तेव्हाचा शेक जबर होता. 2009 च्या 28,874 जणांच्या अभ्यासात एकूण धोका सुमारे दुप्पट आणि पंधरा वर्षांनंतर तिप्पट निघाला. त्यातही तिशीच्या आत शेक मिळालेल्यांत काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका शेक न मिळालेल्यांच्या नऊपट होता. म्हणून आज सिकलसेल-थॅलेसिमियाच्या लेकरांना शक्य तिथे अंगभर मोठा शेक टाळतात. पण किमोची मशागत आहेच, आणि धोका शून्यावर आलेला नाही. "आता काही होत नाही" असं सांगणारा डॉक्टर मला त्या व्हिडिओवाल्याइतकाच खटकतो.

## "मग करायचंच कशाला?"

हा प्रश्न ब्लड कॅन्सरच्या घरात आणि सिकलसेलच्या घरात वेगळा आहे. इथे लोक गल्लत करतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही करतो.

किमोला दाद न देणारा ल्युकेमिया असेल तर समोर महिन्यांचा हिशेब असतो. वीस वर्षांनी येऊ शकणाऱ्या कॅन्सरच्या भीतीनं आजचा जीव सोडायचा नसतो. दात्याच्या ट्रान्सप्लांटनंतर दोन वर्षं मूळ आजार न उलटता काढली, तर ट्रान्सप्लांटला दहा वर्षं झाल्यावरही सुमारे 85 टक्के लोक जिवंत असतात, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

सिकलसेलचा हिशेब कठीण. पोरगी आज चालती-बोलती आहे. गोळीवर, म्हणजे हायड्रॉक्सियुरियावर, दुखणं बरंच आटोक्यात राहू शकतं. पण आजार आतून थांबलेला नसतो. प्लीहा निकामी होते, खुबा झिजतो, किडनी गळते, छाती भरते, काही लेकरांना आठ-दहा वर्षांच्या वयात लकवा मारतो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात ट्रान्सप्लांटचं नुकसान आणि दुसऱ्यात आजाराचं नुकसान. दुसरं पारडं रिकामं आहे असं धरून बोलणारे नातेवाईक फार भेटतात. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाकडून झालेल्या 1,000 सिकलसेल ट्रान्सप्लांटांचा आढावा 2017 मध्ये आला. पाच वर्षांनी 92.9 टक्के जिवंत होते आणि लहान वयात निकाल आणखी चांगले होते. उलटून बघितलं तर शंभरांतले सात गेले, हेही त्याच आकड्यात लिहिलं आहे.

माझं मत विचाराल तर: वारंवार भरती, लकवा किंवा छाती भरण्याचा झटका येऊन गेलेला, आणि घरात पूर्ण जुळणारं भावंड, असं असेल तर लवकर मोठ्या केंद्रात जाऊन बोला. आजार सौम्य असेल, गोळी लागू पडत असेल आणि दाता अर्धाच जुळत असेल, तर घाई नको. अर्ध्या जुळणीचे निकाल सुधारत आहेत, पण शेजारच्या गावात कोणाचं झालं म्हणून आपलं करायचं हा काही निकष नाही.

## "तं आता जीन थेरपी आली ना?"

आली. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर होती. पेशंटच्याच स्टेम सेल काढायच्या, त्यांतली पोथी दुरुस्त करायची आणि परत द्यायच्या. आपल्याकडे 2025 च्या नोव्हेंबरात "बिरसा 101" ही देशी जीन थेरपी जाहीर झाली, बिरसा मुंडांच्या नावानं. बियाणं घरचंच असल्यामुळे जागल्याचा प्रश्न मिटतो, जीव्हीएचडी होत नाही. हा मोठा फायदा.

पण वावर मोकळं करावंच लागतं. कॅसजेव्हीतही आधी बुसल्फान देतात, म्हणजे मूल होण्याचा आणि मार खाल्लेल्या पेशींचा प्रश्न शिल्लक. कॅसजेव्हीच्याच दिवशी अमेरिकेत मंजूर झालेल्या लिफजेनिया या दुसऱ्या उपचाराच्या माहितीपत्रकावर तर ब्लड कॅन्सरचा ठळक इशारा छापलेला आहे.

आणि गुडघेदुखीला, मधुमेहाला, ऑटिझमला "स्टेम सेलचं इंजेक्शन" विकणारे यांत मोजूच नका. आपल्या देशाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं रक्ताच्या आजारांमधल्या ठरावीक ट्रान्सप्लांटखेरीज स्टेम सेल उपचारांना मान्यताप्राप्त म्हणत नाहीत. परदेशात असली इंजेक्शनं घेतलेल्यांच्या मेंदूत आणि मणक्यात त्याच परक्या पेशींच्या गाठी वाढल्याच्या नोंदी आहेत. त्यासाठी वावर विकू नका.

## खर्रा

इथे जरा थांबतो, कारण हे पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटलेला खर्रा. आपल्याकडे पोरं शाळेच्या वयात धरतात, बाया कापूस वेचताना गालात ठेवतात. सुपारी ही तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्ये पहिल्या गटात टाकून सांगितलं आहे. आता विचार करा: ज्याच्या तोंडात जीव्हीएचडीनं सतत जखम-खपली चालू आहे, ज्याच्या पोथीची पानं आधीच फाटली आहेत आणि ज्याचा जागल्या गोळीनं झोपवला आहे, त्याच्या गालात खर्रा. डॉक्टर म्हणून मला याहून वाईट जोडी सुचत नाही. ट्रान्सप्लांट झालेला एक तरुण मला म्हणाला, "सर, एवढं सोसलं, आता एक पुडी तं खाऊ द्या." त्याच्या गालात पांढरा चट्टा होता. तपासायला पाठवला, सुदैवानं तो कॅन्सर नव्हता. खर्रा सुटला का? दोन महिने सुटला. पुढचं तो सांगत नाही, मी त्याचं तोंड उघडून बघतो.

## मग गावात राहून करायचं काय?

ट्रान्सप्लांटला देणगी मिळते, योजना मिळते, पेपरात फोटो येतो. दहाव्या वर्षीच्या तपासणीच्या एसटी तिकिटाला कोणी देणगी देत नाही. पण यातलं बरंच काही तालुक्याला होतं, आणि न घाबरता होतं.

घरात महिन्यातून एकदा टॉर्च आणि आरसा घेऊन तोंड बघायचं: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड. वर्षातून एकदा दंतवैद्य. कातडीवर नवा तीळ, न भरणारा फोड दिसला तर दाखवायचा. वर्षाला एकदा रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉइड, साखर, चरबी, लिव्हर, किडनी, आणि बीपी, डोळे, लोह जास्त असेल तर फेरिटिन. फुप्फुसाची फुंकणी आणि हाडांची घनता केंद्र सांगेल तेव्हा. छातीला किंवा अंगभर शेक मिळालेल्या मुलींची स्तनतपासणी इतर बायांसारखी चाळिशीत सुरू करून चालत नाही; पंचविशीत किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हा सुरू करायची. गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही नेमानं.

लसी पुन्हा घ्याव्या लागतात, अगदी बाळासारख्या, कारण जुनी फौज गेली तशी तिची आठवणही गेली. साधारण सहा महिन्यांनंतर सुरुवात होते. गोवरासारख्या जिवंत जंतूंच्या लसी मात्र दोन वर्षांनंतर, आणि जीव्हीएचडी नसेल, दाबणाऱ्या गोळ्या बंद असतील तरच. एचपीव्हीची लस विचारून घ्या, ती कॅन्सर टाळणारी लस आहे.

या सगळ्याला एक कागद लागतो: कोणती किमो किती दिली, शेक दिला का आणि किती, दाता कोण, जीव्हीएचडी झाला का. केंद्रातून सुटी होताना हा सारांश मागून घ्या. नवा डॉक्टर बघतो तेव्हा त्याच्यापुढे धडधाकट पोरगा असतो. कागद नसेल तर तो कशाच्या शोधात राहणार? माझ्याकडे एकदा एक फाईल आली, अर्धी वाळवीनं खाल्लेली. त्यातला शेकाचाच कागद गेला होता आणि तो पुन्हा मिळवायला चार महिने लागले. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दोन फोनमध्ये.

## "सिकल गेली, मंग लग्नात सांगाचं काय?"

ट्रान्सप्लांटनंतर रक्ताची तपासणी दात्यासारखी येते. रक्तगटसुद्धा बदलू शकतो. पण अंड्यात आणि वीर्यात जुनीच पोथी असते. एसएस असलेल्या मुलीचं रक्त आता एए दाखवत असलं तरी तिला मूल झालं तर तिच्याकडून सिकलचा गुण जाणारच. जोडीदार एए असेल तर सगळी मुलं वाहक, एएस असेल तर दर गरोदरपणात निम्मी शक्यता एसएसची. म्हणून जोडीदाराची तपासणी ट्रान्सप्लांटनंतरही तेवढीच लागते. कागदावर "एए" बघून निर्धास्त झालेलं एक घर मला ठाऊक आहे.

बाईंना यातलं निम्मं त्या दिवशी सांगितलं, निम्मं पुढच्या खेपेला. पोरगी आतापर्यंत गप्प होती. निघताना दारात वळून तिनंच विचारलं, "हे झाल्यावर कापूस वेचाले जाता येते का?"

येतं. पहिलं वर्ष-दीड वर्ष, दाबणाऱ्या गोळ्या चालू असेपर्यंत नाही: वावरातली धूळ, कुजलेला काडीकचरा, तुरीची मळणी यांत बुरशी असते आणि ती फुप्फुसात जाते. फवारणीच्या जवळपास तर फिरकायचंच नाही. गोळ्या बंद झाल्या आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मग जायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, दुपट्टा तोंडावरून घेऊन, सकाळी. ऊन चढायच्या आत घरी.

"मंग अर्धीच मजुरी भेटन," ती म्हणाली, आणि आईच्या मागे निघाली.